बसमधलं बारसं

बेळगावहून निपाणीला जाणारी बस. पुढच्या बाकावर एक मास्तर आणि त्यांची शेजारीण.

"इनास मास्तर, नाताळला पुस्तक येनार म्हनला होता न्हवं?"

"येईल की, आक्का. सगळं तयार आहे, नाव तेवढं अडलंय. प्रकाशकाला ते आजच पाहिजे, नाहीतर पुस्तक गेलं ईस्टरला."

"आन् ती दुसरी कादंबरी? तुमच्या आज्याच्या बेकरीची?"

"ती अर्धी झालीय. आधी हिचं बघू. 'करुणेचा घंटानाद' कसं वाटतंय?"

"कोन मेलंय काय त्यात?"

"न्हाय हो!"

"मग 'सांतानची म्हस' ठेवा."

"सांतान आणि त्याची म्हस एकाच प्रकरणात आहेत, आक्का."

"आसंना! चर्चात शिरून फादरच्या मागं हुबी ऱ्हाती ती. तुमी वाचून दावल्यापास्नं मला भाकरी थापताना बी हसाया येतंय."

"पण कादंबरी गंभीर आहे."

"आमच्यात पोराचं नाव आत्या ठेवती. तुमी मला आक्का म्हनता, म्हंजे तुमच्या पुस्तकाची मी आत्याच. आना कान हिकडं."

"आक्का, लोक बघतायत."

"कुर्रर्र! सांतानची म्हस!"

मास्तर हसत सुटले. हसतहसतच त्यांनी फोन लावला.

"हॅलो, नाव लिहून घ्या. सांतानची म्हस. होय, म्हसच. आता बदलता येणार नाही, आत्यानं ठेवलंय."

"मास्तर, आजून एक ऱ्हायलं. नाव ठेवल्यावर बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालत्यात."

"आता बसमध्ये बायका कुठनं आणू?"

"मागं बसलीया की एक, मगापास्नं कान दिऊन ऐकतीया. ये गं बाई, घाल!"