शेजारी पडलेली सावली

घराजवळ झाड लावताय, तर आधी दिशा बघा. आमचे तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, महायुद्धाच्या सुरवातीलाच पायाला गोळी लागून पलटणीतून माण तालुक्यातल्या आमच्या गावी परत आले. आल्या आल्या त्यांनी मातीचं धाबं काढून घरावर पत्रे घातले. उन्हाळ्यात घराची भट्टी झाली. मग सावलीसाठी त्यांनी पूर्वेच्या अंगाला लिंब लावला. पाणी काकूनं घातलं, लांबच्या विहिरीवरून आणून.

झाड मोठं होईतो लढाई संपली. तेव्हा कळलं, की दुपार कलली की सगळी सावली शेजारच्या गणपाच्या अंगणात पडते. त्या घराशी तर बांधाच्या भांडणावरून आमचं बोलणं बंद होतं. तात्यांनी कुऱ्हाड काढली.

काकू म्हणाली, "पानी मी घातलंय. तोडायचं का न्हाई ते मी ठरवीन."

ती सूप आणि जोंधळे घेऊन गणपाच्या अंगणात जाऊन बसली. गणपा दचकला.

"वैनी, हितं?"

"जागा तुमची, सावली माजी हाय," काकू म्हणाली आणि पाखडायला लागली.

गणपाच्या बायकोनं तिला ताक आणून दिलं. मग काकू रोजच जायला लागली. तात्या पत्र्याखाली एकटेच घामाघूम पडून राहायचे. शेवटी गणपाच कुंपणावरून म्हणाला, "आवं तात्या, बांधाचं कोरटात बघू. तवर हितं येऊन पडा."

तात्या घोंगडं घेऊन गेले. इतक्या वर्षांत गणपाशी पहिल्यांदाच बोलले.

"जरा सरक."