इतवारीच्या वाटणीची सुई

इतवारी : आन् दवाई कुठी आहे, बाई? टोपल्यात तं नुसतं मीठ आन् मिरच्याच दिसून राह्यल्या.

मनकर्णा : पाय धुऊ दे आधी. देवाजवळ दिवा लावाचा राह्यला.

इतवारी : दिवा लाव. पन लंगडत काऊन आली? नदीवर डोंग्यातून उतरतानी पडली का?

मनकर्णा : नाई वं. चिखल आहे वाटेनं.

इतवारी : चिखलानं कोनी कंबर धरून चालते का? इकडे पाह्य माह्याकडे. काय झालं?

मनकर्णा : गोळ्या नाई देल्या नर्सबाईनं. म्हने, आता गोळ्या बंद.

इतवारी : बंद? मंग माहं काय?

मनकर्णा : ऐकून तं घे. तुह्या ओकाऱ्या सांगतल्या मी तिले, दर खेपेले सांगते तशा, माह्याच म्हनून. गोळी घेतली का पोट उसळते, अन्न ठरत नाई, परवा धानाचा रोवना करता करता चक्कर येऊन बांधीतल्या चिखलात बसली, सारं सांगतलं. तं ती म्हने, मनकर्णाबाई, गोळी तुमाले सोसत नाई. डाक्टरीनबाईनं नागपूरहून सुया मागवल्या, आता सुई घ्या. सुई पोटात जात नाई, तं ओकारी कायची? दर दुसऱ्या बाजाराले एक.

इतवारी : मंग हे तं चांगलंच झालं! दाखव ना, कुठी आहे?

मनकर्णा : सुई का घरी आनता येते, बाप्पा? तिथीच टोचतेत.

इतवारी : कोनाले टोचतेत?

मनकर्णा : वात सरकव जराशी. तेल खाली सांडून राह्यलं.

इतवारी : बाई. कोनाले टोचली?

मनकर्णा : तिनं पडदा ओढला. चुलीवर पानी खदखदत होतं, त्यात ते काचेचं. म्हने, लुगडं ढिलं करा, कुशीवर व्हा. मी काय म्हनू तिले? मी झाली कुशीवर.

इतवारी : म्हंजे माही सुई तू घेऊन आली? अंगात घालून?

मनकर्णा : हासू नको. देवासमोर बसली मी.

इतवारी : मंग काय करू? तुह्या ढुंगनातून काढून देते का मले?

मनकर्णा : शिव शिव शिव! कसं बोलते वं!

इतवारी : आधी गोळी होती तं पदरात बांधून आनत होती. सुईले पदर पुरत नाई हे समजलं नाई तुले? "हे माह्यासाठी नाई" एवढंच तं म्हनाचं होतं.

मनकर्णा : आन् तिनं विचारलं असतं, मंग कोनासाठी? काय सांगू? माहा भाऊ आहे, त्याले बाईची दवाई पाहिजे? का माही बहीन आहे, आन् तिले मायनं पोरगा म्हनून जन्म देला? कोन्त्या तोंडानं सांगू?

इतवारी : याच तोंडानं. पोथी वाचते त्याच.

मनकर्णा : तोच तं काटा आहे मले. रोज पहाटे उठून देवाले म्हनते, आज खोटं बोलनार नाई. आन् बाजाराच्या दिवशी पह्यलं खोटं दवाखान्याच्या पायरीवर.

इतवारी : मी नव्हतं सांगतलं खोटं बोलाले.

मनकर्णा : नाई सांगतलं. तू तं चोरून घेतली होती पह्यली गोळी, माह्याच डब्बीतून. माह्या अंगाची आग होते, झोप लागत नाई, म्हनून देली होती डाक्टरीनबाईनं. तिनं समजावलं होतं मले, बाईच्या अंगातलं जे उतारवयात सरते, ते या गोळीत आहे. आन् मी भोळ्यावानी तुले येऊन सांगतलं. दुसऱ्या दिवशी डब्बी हलकी.

इतवारी : तेव्हा तू मले मारलं नाई.

मनकर्णा : लहानपनी लय मारलं होतं. माय गेल्यावर तू माह्याच पदरात होती. डोक्यावरून माहा पदर घ्याची, हातात माह्या बांगड्या, आन् मी काडीनं पाय फोडले तुहे. आता हात उचलत नाई माहा. त्यापेक्षा डब्बीच देऊन टाकली.

इतवारी : आन् तू तीन साल उघड्या पाठीनं ओट्यावर लोळते रातभर. मले दिसत नाई का?

मनकर्णा : ते माहं म्हातारपन आहे. सोसवते.

इतवारी : मलेही सोसवते. ओकाऱ्या सोसल्या, अशाच सोसीन. पन गोळीच नाई देत म्हनते तं काय करू? छातीचं पुन्हा बसून गेलं तं? दाढी पुन्हा दाटली तं? रोवन्याच्या रांगेत बाया घेतेत आता मले, बाजूले जागा ठेवतेत, पान-सुपारी देतेत. कोनी काई विचारत नाई. ते सारं जाईन, बाई.

मनकर्णा : रडू नको.

इतवारी : पुढच्या बाजाराले मी येते तुह्यासंग.

मनकर्णा : दवाखान्यात?

इतवारी : मंग कुठी? डोंग्यातच नर्सबाई बसते का?

मनकर्णा : बाजाराच्या दिवशी सारं गाव असते तिथी. गुनाबाई असते. तिच्या तोंडाले झाकन आहे का? शेजारी राहते म्हनून गावात गप्प बसते. तिथी चार गावच्या बाया दिसल्या का सुरूच होईन.

इतवारी : तुले लाज वाटते माही.

मनकर्णा : तुही नाई.

इतवारी : मंग कोनाची? औंदा निवडनुकीत तू मले घरीच ठेवलं. दोन रांगा आहेत म्हने, एक बायाची, एक मर्दाची, तू कोन्तीत उभी राहशीन? मी म्हनलं, तुह्या मांगं. तू म्हनली, गाई कोन पाहीन? गाई दिवसभर बांधूनच होत्या, बाई. मी त्याहिच्यासंग बसून होती.

मनकर्णा : ...चाल. चाल माह्यासंग. पन एक ऐकशीन का माहं?

इतवारी : काय?

मनकर्णा : धोतर-सदरा घालून ये. एक डाव. आतमधी गेल्यावर मी सांगीन तिले सारं, देवाची आन. पन वाटेनं, डोंग्यात, बाजारात...

इतवारी : बरं.

मनकर्णा : राग आला?

इतवारी : नाई. दिवा विझला तुहा. पुन्हा लाव.

(पुढचा बाजार. नदीपल्याडचा दवाखाना, व्हरांड्याच्या आतल्या बाजूला पडदा ओढलेला.)

रहमतबी : अरे, मनकर्णाबाई! तुमची सुई तर पुढच्या बाजाराला. एवढी गोड लागली काय? आणि हा कोण? पडद्याच्या आत मर्द माणसाला घेऊन आलात? बाहेर पाठवा त्याला आधी. इथं बाया कपडे ढिले करतात.

इतवारी : मी जाते, बाई.

मनकर्णा : थांब. रहमतबी, मांगची सुई माही नव्हती.

रहमतबी : तुमची नव्हती म्हणजे? मीच तर टोचली, या हातानं.

मनकर्णा : टोचली. पन दवाई इच्यासाठी पाहिजे होती. ही इतवारी. माह्या पाठची. गोळ्यासुद्धा हीच खाते, तीन साल झाले.

रहमतबी : ठहरा. तीन साल तुम्ही इथं येऊन मला सांगता, माझी आग होते, माझं पोट उसळते...

मनकर्णा : आग माही. ओकारी हिची.

रहमतबी : या अल्ला! दोघींचं दुखणं एका तोंडानं! आणि मी डाक्टरीणबाईला सांगते, पाहा बिचारीला गोळी सोसत नाही. बाई, तुम्ही झूठ बोललात, आणि माझी सुई भलत्याच्या अंगात गेली. काही उलटं झालं असतं तर कोणाच्या गळ्यात आलं असतं?

मनकर्णा : तुमच्या. मले ते घरी गेल्यावर समजलं. तेव्हापासून तोंडात घास फिरून राह्यला.

रहमतबी : आता मान खाली घालून काय उपयोग? तू इकडे ये ग. बेटा म्हणू का बेटी?

इतवारी : बेटी.

रहमतबी : मग हे धोतर कशाला गुंडाळलं?

मनकर्णा : मी घालाले लावलं. ती घरी लुगडंच नेसते. रोवन्यात बी.

रहमतबी : हं. गोळी कधी घेत होतीस? जेवल्यावर?

इतवारी : पहाटे.

रहमतबी : पहाटे उपाशी? मी यांना दहा वेळा सांगितलं, जेवल्यावर घ्या, जेवल्यावर घ्या!

मनकर्णा : तो बी माहाच गुन्हा आहे. आमच्या घरी पूजा झाल्याबिगर कोनाच्या तोंडात काई जात नाई. मी म्हनलं, एवढी मोठी दवाई, देवाच्या हातानंच जाऊ दे. रोज गोळी देवापुढं ठेवत होती, कहानी वाचत होती, आन् मंग तीर्थाच्या घोटासंग तिले देत होती.

रहमतबी : आणि ती ओकायची.

मनकर्णा : तीर्थासगट. अंगनात, तुळशीजवळ. मले वाटे, देवाले हे मंजूर नाई, देवच बाहेर फेकून राह्यला. मी अजून एक सोमवार वाढवे. तिलेही उपाशी ठेवे संगं.

इतवारी : हे तू मले कधी नाई सांगतलं.

मनकर्णा : काय सांगू? का तुहा देव तुले ओकून टाकते म्हनून?

रहमतबी : देवाला कशाला मधी ओढता, मनकर्णाबाई? रिकाम्या पोटी मी घेतली तरी ओकीन, आणि मी तर तुमच्या देवाची नाही. तशीही ही गोळी काही जणींना उलटवतेच. बसा दोघी इथं. डाक्टरीणबाईला सांगितल्याशिवाय मी सुईला हात लावणार नाही. एकदा फसले तेवढं पुरे.

इतवारी : नाई म्हनीन का ती?

रहमतबी : ते तिच्या तोंडून ऐकू. बसा.

इतवारी : ...गेली. बाई, उभी काऊन राह्यली? बस म्हनली ना ती.

मनकर्णा : अजून एक आहे. ते रहमतबीसमोर नाई बोलवलं.

इतवारी : अजून काय चोरलं आपन?

मनकर्णा : तू नाई, मी. या आठ दिवसात मले झोप लागली, इतवारी. चौथ्या-पाचव्या रातीपासून. अंगावरची आग कमी झाली, सकाळी उठली तं कोंबडा कवाचा आरवून गेला होता. तू बाहेर दाढीचे केस उपटत बसली होती चिमट्यानं, आन् मी तुही दवाई अंगात घेऊन घोरत होती. लाज वाटली मले. एवढी लाज कशाची नाई वाटली.

इतवारी : म्हनून तू दोन दिवस माह्याशी धड बोलली नाई?

मनकर्णा : हो.

इतवारी : मले वाटलं, धोतर घालाले लावलं म्हनून.

मनकर्णा : ते बी.

इतवारी : वेडी आहे तू. तुहीच होती ना ते दवाई पह्यले? मी चोरली. तू घोर ना बाप्पा. तीन सालाची झोप आहे तुही.

रहमतबी : झालं का कुजबुजणं? डाक्टरीणबाई आधी मला रागावली. तुमच्यावर रागवायला ती दुपारी रोगी आटोपून स्वतः इकडे येणार आहे, तयार राहा. हात पुढं कर, इतवारी. रक्ताचा दाब पाहू दे. पाय सुजतात? पोटरी दुखते कधी?

इतवारी : नाई.

रहमतबी : डोळे दाखव. पिवळे नाहीत. तोंड असं भुतानं धरल्यासारखं करू नको, मी दाबच पाहते. हं, ठीक आहे. ऐका दोघी. गोळी आता बंद म्हणजे बंद. घरात उरलेली असली तर मला आणून द्यायची. गोळी आणि सुई मिळून नाही घ्यायची. दर दुसऱ्या बाजाराला हिनं स्वतः यायचं. पाय सुजला, छातीत दुखलं, तर बाजाराची वाट पाहायची नाही. आणि मनकर्णाबाई, तुमच्या आगीचं डाक्टरीणबाई वेगळं पाहणार. तुमची तुम्हाला, हिची हिला.

इतवारी : ती काय म्हनली माह्याबद्दल?

रहमतबी : म्हणाली, मी शिकत होते तेव्हा अशी एक होती, तिला आम्ही दारातूनच परत पाठवलं. हिला पाठवू नको. एवढंच म्हणाली, आणि पुन्हा मला रागावली. चल, हो कुशीवर. धोतर ढिलं कर.

इतवारी : रहमतबी... माहं अंग असं आहे, तुमाले...

रहमतबी : बेटी, मी इथं दिवसभर अंगंच पाहते. सगळी सारखी घाबरतात. तुझ्या बाईचा हात धर.

मनकर्णा : घे. घट्ट धर.

इतवारी : झाली?

रहमतबी : कधीचीच.

इतवारी : एवढीच? आन् बाई तं नदीपासून घरापर्यंत लंगडत आली होती!

रहमतबी : त्यांनी अंग ताठ केलं होतं, दगडासारखं. आता समजलं मला, कशामुळं. उठ हळूच. बाहेर बसा थोडा वेळ, चक्कर येते का पाहू दे मला.

इतवारी : मी तिकडे पिंपळाखाली बसते, मर्दाच्या बाजूले. कोनाले तरास नको.

रहमतबी : तिथं मला दिसणार नाहीस. व्हरांड्यात बस, बाकावर.

इतवारी : बाई, तिथी गुनाबाई बसली आहे. आपल्या गावच्या साऱ्याच बसल्या आहेत.

मनकर्णा : दिसल्या मले. चाल. पायरी पाह्यजो.

गुणाबाई : काय वं मनकर्णा, किती वेळ आतमधी! आन् हा इतवारी इकडे कुठी घुसून राह्यला? बायाचा बाक आहे हा.

मनकर्णा : माहीत आहे, गुनाबाई. सरका जराशा. तिले आत्ताच सुई देली.