दिगूच्या वाटीत काय असायचं

मंडळी, मागे उभे आहात ते जरा पुढे या. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या रिकाम्या आहेत. शोकसभेत पहिल्या रांगेत बसायला माणसं का बिचकतात, मला कळत नाही. या, बसा.

दिगंबर साटम, आपला दिगू, त्याचं तेरावं परवा झालं. आणि आज मला इथे बोलायला उभं केलंय. मी वायरमन माणूस. सातवी शिकलो, पुढचं जे काय ते रद्दीतल्या पुस्तकांतून. माईक दुरुस्त करायला सांगितलात तर करीन, माईकवर बोलणं माझं काम नाही. पण वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्हीच बोला. तुमच्या पोटात काय डाचतंय ते मला ठाऊक आहे." तर जे डाचतंय तेच बोलतो.

खाली नोटीस बोर्डावर सेक्रेटरींनी लिहिलंय, 'द्राक्षरसाचे अभ्यासक कैलासवासी दिगंबर साटम'. सेक्रेटरी, तुमची अडचण मी समजतो. सोसायटीचा हॉल आहे, सकाळी इथे बालवाडी भरते. पण दिगू हे वाचून काय म्हणाला असता? म्हणाला असता, "शांताराम, लेबलवर एक आणि आत एक. भेसळ भेसळ म्हणतात ती हीच." तेव्हा सरळ सांगतो. आम्ही वाईन चाखायचो. स्वस्तातली, पेन्शनीत बसणारी. नाशिककडच्या लहान लहान घरांनी बनवलेली. महिन्यातल्या एका रविवारी, दुपारच्या जेवणाआधी, दिगूच्या हॉलमध्ये. दिगू, मी आणि कळव्याचा मोहन. आमच्यातलं कोणी कधी झिंगलं नाही. झिंगण्याइतकं मिळायचंच नाही.

वहिनींनी आमचं नाव ठेवलेलं, 'संशयी मंडळ'. ते दिगूमुळे. दिगूचा दूधवाल्यावर संशय, भाजीवाल्याच्या काट्यावर संशय, हवामान खात्यावर संशय. माझ्यावर तर कायमचाच. मी त्याच्या घरात पंखा बसवला तेव्हा तो आठवडाभर त्या पंख्याखाली झोपला नाही.

बाटलीवर संशय तर विचारू नका. म्हणायचा, "लेबल दिसलं की जीभ लाचार होते." म्हणून वहिनींनी जुन्या परकरांच्या पिशव्या शिवलेल्या. स्वयंपाकघरात त्या बाटल्यांना पिशव्या घालायच्या, तिथेच ग्लास भरायच्या आणि ताटातून बाहेर आणायच्या. कुठली बाटली कुठल्या ग्लासात, हे फक्त वहिनींना माहीत. बाहेर आम्ही तिघं आणि शेंगदाणे.

आणि एक वाक्य त्याला फार खुपायचं. बऱ्याच बाटल्यांवर असतं ना, 'आमच्या घरच्यांनी मायेने बनवलेली'. दिगू चष्मा कपाळावर चढवून म्हणायचा, "कुठले घरचे? दाखव." आणि खरंच बघायला जायचा. मी त्याच्याबरोबर गेलेलो आहे. लोक द्राक्षाचे मांडव बघतात, हा माणूस थेट ओट्यावर जाऊन पाणी मागायचा आणि पाणी पिता पिता घरात डोकावायचा. कोण राबतंय, कोण नुसतं फोटोत आहे, ते ताडायचा.

आता मुद्द्यावर येतो. दिगूला नाक होतं. डोंबिवलीकरांना नाकाचं महत्त्व मी काय सांगू? उभा जन्म त्याने एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात काढला, प्रयोगशाळेत. गॅलरीत उभा राहून सांगायचा, "आज वारा फेज टूकडून आहे." वाईन चाखतानाही तीच भाषा. याला थिनरचा वास येतो, याला सल्फर जास्त झालाय, हा एस्टर आहे. आम्हाला ओ की ठो कळायचं नाही, पण मान डोलवायचो.

मग ती साथ आली. तुमच्यातल्या किती जणांचा वास गेलेला आठवतंय? माझाही गेलेला. आपला आला परत. दिगूचाही आला असणार, असं आपण धरून चाललो. संशयी मंडळातल्या एकालाही संशय आला नाही.

मला आला तो पुढे, एका रविवारी. त्या दुपारी एमआयडीसीकडून असा काही भपका आला की मोहन नाकाला रुमाल लावून खिडक्या लावत सुटला. माझ्या डोळ्यांतून पाणी. आणि दिगू गॅलरीत उभा. म्हणतो कसा, "आज हवा बरी आहे, नाही?" मोहनला वाटलं, चेष्टा करतोय. मी दिगूचं तोंड बघितलं. चेष्टा नव्हती.

त्या दिवसापासून मी बघायला लागलो. मंडळी, वायरमनची खोड आहे ही. दिवा लागला म्हणून खूष होत नाही आम्ही, वायर कुठून आलीय ते बघतो.

पहिली गोष्ट, दिगूची भाषा बदललेली. थिनर गेलं, एस्टर गेला. आता तो म्हणायचा, "याला जुन्या आमसुलाचा वास आहे." म्हणायचा, "तूप कढवल्यावर खाली बेरी राहते बघ, तसा." जन्मात चहा न केलेला माणूस हा. बेरी कुठून आली याच्या तोंडात?

दुसरी गोष्ट, वाटी. आमच्यापुढे शेंगदाणे. त्याच्यापुढे वहिनी ग्लासाबरोबर एक वेगळी वाटी ठेवायच्या. मी विचारलं तर म्हणाला, "शुगर आहे ना, डॉक्टरने सांगितलंय." बरं. पण वाटीत काय? एका ग्लासाबरोबर दोन लवंगा. पुढच्या ग्लासाबरोबर आमसूल. त्याच्या पुढच्याला गुळाचा खडा. शुगरवाल्या माणसाला गुळाचा खडा देणारा डॉक्टर कुठल्या गावचा?

तिसरी गोष्ट. ज्या वहिनी वाईनच्या गावाला कधी आल्या नाहीत, त्या एकाएकी आमच्याबरोबर यायला लागल्या.

पण विचारायचं कसं? मित्राला विचारायचं, तुझं नाक मेलंय का? आणि मेलं असेल तर इतकी वर्षं आम्हाला काय सांगतोयस?

आणि हा नुसता आमच्या गमतीचा प्रश्न असता तर मी तो आजही गिळला असता. पण तिसऱ्या रांगेत बाळासाहेब बसलेत, शेजारी त्यांच्या मिसेस मनीषाताई. दिंडोरीकडून पहाटे निघून आलेत. स्वतःची द्राक्षं, स्वतःची टाकी, घरातली माणसं सोडली तर दुसरा हात नाही. आम्ही त्यांच्याकडे गेलेलो तेव्हा दिगूने सवाल टाकला, "घरात पितं कोण?" बाळासाहेब म्हणाले, "काका, कोणीच नाही. मी चाखतो आणि थुंकतो. वास मात्र ही घेते. टाकी उघडली की हिलाच हाक मारतो." मनीषाताई पिठाचे हात घेऊन बाहेर आलेल्या. मला वाटलं, आता दिगू यांना सोलणार. पण दिगू हसला आणि वहिनींकडे बघत राहिला. नंतर त्या दोघी टाकीपाशी किती वेळ बोलत बसलेल्या.

गेल्या पावसाळ्यानंतर बाळासाहेब त्याच टाकीतली बाटली घेऊन दिगूच्या घरी आले. चेहरा उतरलेला. व्यापारी बघून गेलेला आणि म्हणालेला, माल नासलाय, कुजका वास मारतो, दारू गाळायला देऊन टाका, वाटलं तर मी टेम्पो पाठवतो. वर्षभराची मेहनत ती. मोहनने ग्लास नाकाला लावला आणि लांब केला. मीही केला. वास होताच. खोटं कशाला बोलू?

दिगूपुढे वाटी आली. मी मान लांब करून बघितली. मनुका होत्या, आणि वर काळ्या मिठाची चिमूट.

दिगूने वाटी बघितली. घोट घेतला, तोंडात घोळवला. म्हणाला, "आंबट नीट आहे, तुरट नीट आहे. वर काळं मीठ आहे, खाली मनुका आहे. काळ्या मिठाचा हा कुजका वास उडून जाणारा असतो बाळासाहेब, हवा लागली की जातो. मनुका राहते." आणि उठला, दोन फुलपात्रं घेतली आणि चहा गार करावा तशी ती वाईन इकडून तिकडे ओतत बसला. मग म्हणाला, "हिला जरा आत ठेव गं." ग्लास आत गेला. परत आला तेव्हा वाटीत काळं मीठ थोडंच होतं. दिगू म्हणाला, "टाकी हलवत राहा, थांबा. देऊ नका."

बाळासाहेब थांबले. आता नवा हंगाम तोंडावर आलाय, नवी द्राक्षं ठेवायला टाकी लागणार. त्या टेम्पोवाल्या व्यापाऱ्याचा फोन रोज येतोय. आणि अशात आमच्या मोहनला ती गॅलरीतली दुपार आता उमगली आणि परवा त्याने त्यांना फोनवर सांगून टाकलं की साटमांना वासच येत नव्हता म्हणे. मोहन, मान खाली घालू नकोस. तुझ्या पोटात काही राहत नाही, हे आम्हाला माहीत होतं.

आज सकाळी बाळासाहेबांनी मला गेटवर धरलं. म्हणाले, "काका, खरं सांगा. साटमसाहेबांना नाक नव्हतं, मग त्या दिवशी ते बोलले कशावरनं? मला धीर द्यायला बोलले का? धीरावर टाकी ठेवता येत नाही काका."

मी सरळ दिगूच्या स्वयंपाकघरात गेलो. वहिनी ओट्यापाशी उभ्या होत्या. म्हटलं, "वहिनी, त्या वाटीचं काय ते आज सांगा."

त्या म्हणाल्या, "तुम्ही मान लांब करून बघायचात, ते मला दिसायचं. म्हटलं, बघू कधी विचारतात."

मग म्हणाल्या, "साथीनंतर सगळ्यांचा वास आला, यांचा नाहीच आला. एके दिवशी मी फोडणी दिली, हे शेजारी उभे, आणि विचारतात, आमटी अजून टाकली नाहीस का? मी म्हटलं, अहो फोडणी तडतडतेय. तेव्हा खुर्चीवर बसून रडले. वाईनसाठी नाही रडले भावजी. माझ्या फोडणीसाठी रडले. म्हणाले, मंडळ बंद करतो, सगळ्यांना सांगून टाकतो. मी म्हटलं, बंद करून दिवसभर घरात बसणार आणि माझ्या आमटीवर संशय घेणार. त्यापेक्षा वास मी घेते, जिभेचं तुम्ही बघा. मला तुमची इंग्रजी नावं येत नाहीत, मला डब्यातली येतात. ज्याचा वास येईल ते वाटीत ठेवीन."

मी विचारलं, "हे सगळ्यांसमोर सांगू?"

म्हणाल्या, "सांगा. पण मी कधी थेंब जिभेवर ठेवला नाही, हे आधी सांगा."

तर मंडळी, हे आधी सांगायचं राहिलं, आता सांगतो. त्यांनी थेंबही घेतलेला नाही.

म्हणजे काय झालं? जन्मभर लेबलवर संशय घेणाऱ्या माझ्या मित्राच्या लेबलवर एक होतं आणि आत एक होतं. मला राग आला का? आला. सकाळी जिना उतरताना आला. मला सांगायला काय झालेलं याला? मी काय मोहन आहे? पण खाली पोचेपर्यंत तो राग काळ्या मिठासारखाच उडाला. कारण मला आठवलं, त्या दिवशी वास वहिनींनी ओळखला, पण काळं मीठ हवेने उडतं, हे प्रयोगशाळेतल्या दिगूलाच माहीत होतं. तो नुसता असता तर फसला असता. त्या नुसत्या असत्या तर त्यांना कोणी विचारलंच नसतं.

दिगू प्रत्येक बाटलीला विचारायचा, कुठले घरचे, दाखवा. दिगू, तुझ्या बाटलीतले घरचे मी आज दाखवतो. त्या तिथे बसल्यात, दाराजवळ, कारण अजूनही त्यांना पुढे बसायचं नाही. वहिनी, उठू नका. सगळ्यांना फक्त एकदा बघू द्या.

आणि बाळासाहेब, तुमचं उत्तर. तुम्ही सकाळी टाकीतली ताजी बाटली माझ्या हातात दिलीत. वहिनींनी ती उघडली, ग्लासात ओतली, पदराने नाक पुसलं आणि वास घेतला. बराच वेळ घेतला. मग डबे उघडले आणि दिगूच्या फोटोपुढे वाटी ठेवली. ती बघा, हाराच्या पलीकडे. तुम्हाला वाटलं असेल, नैवेद्य आहे.

मी संशयी मंडळाचा माणूस. मी नुसती बघून आलो नाही. बोट फिरवून चाटून बघितली. मिठाचा कण नाही. नुसत्या मनुका आहेत.

टेम्पोवाल्याला नाही म्हणून सांगा.

आता आपण उभे राहू. घड्याळ मी बघणार नाही, वहिनी हात जोडतील तेव्हा बसू. तोंड मिटलेलं असू द्या आणि श्वास नाकाने घ्या. शेजारच्या घरात कोणीतरी फोडणी दिलीय, मला इथपर्यंत येतोय वास. एक श्वास आपला घ्या. आणि एक, दिगूच्या वाटणीचा.