दाराला आलेलं पोट

नाही हो ताई, सुई दिसतच नाही, शपथेवर सांगतो. डॉक्टर वर बघा म्हणतात, आपण वर बघतो, आणि सुई येते बाजूने, पांढऱ्या भागात. त्याआधी थेंब टाकून डोळा बधिर करतात, मग पापण्यांना चिमटा लावतात — तो चिमटा मात्र विचित्र, काही केल्या डोळा मिटता येत नाही. टोचल्यावर जरासा दाब, बस्स. मग दिवसभर डोळ्यापुढे काळे ठिपके फिरतात. पहिल्या वेळी मी घरी जाऊन ते हाताने हाकलत होतो. बायको म्हणाली, घरात एक माशी नाही, मारताय कुणाला? तर बघा, अशा माणसाला तुम्ही विचारताय! पण विचारा, विचारा. ती फाइल तेवढी सैल धरा, चुरगळतेय.

मी सुतार. दारं करतो — फक्त दारं, तीस वर्षं झाली. लाकूड सरळ आहे का ते बघायला आम्ही एक डोळा मिटतो आणि कडेवरून नजर लावतो. मी उजवा मिटतो, डाव्याने बघतो, हाताला सवय असते तशी डोळ्यालाही असते. तर गेल्या वर्षी एका वकीलबाईंच्या घरी दार बसवत होतो. नजर लावली, तर मध्ये पोट आलेलं! रंधा मारला. पुन्हा पोट. पुन्हा मारला. माझा मेहुणा माझ्याबरोबरच काम करतो, तो म्हणतो, भाऊजी, दार सरळ आहे. मी म्हटलं, तू मला शिकवणार? रंधा धरायचा कसा हे तुला दाखवलं कुणी? त्याने लेव्हल लावली, बुडबुडा बरोबर मधोमध. मी म्हटलं, लेव्हल बिघडलीय. नवी आणली ताई, नवी! तिच्यावर नजर लावली, तर तीही वाकडी. भर दुकानात दुकानदाराशी भांडलो, म्हटलं, वाकड्या पट्ट्या विकता, लाज वाटत नाही? आणि इकडे दार रंधून रंधून एवढं झालं, की चौकटीत बसवलं तर कडेने बोट आरपार जाईल. वकीलबाई आतून विचारतात, मिस्त्री, दार लावलंय की उघडं आहे?

मेहुण्यानेच मला धरून इथे आणलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याला सूज आहे, आत पाणी झिरपतंय, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. महिन्याला एक सुई. तीन घेतल्या — आणि काय सांगू, दारं सरळ झाली! मीच सगळी सरळ केल्यासारखा मिरवत होतो. चौथ्या सुईला आलोच नाही. दुरुस्त झालेलं पुन्हा कशाला टोचायचं? आता हसा. गिऱ्हाइकांना तीस वर्षं सांगतोय, लाकूड ओल धरणार, दमट हवेत दार पुन्हा फुगणार, तेव्हा मला बोलवा. नाही बोलावलं की त्यांच्या नावाने बोटं मोडतो. आणि स्वतःच्या डोळ्याला मात्र, एकदा रंधा मारला की झालं!

पाच महिने, ताई. परत आलो तेव्हा डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. पडद्याचा फोटो बघितला आणि सरळ पुढच्या सुयांची चिठ्ठी लिहायला घेतली. आता उजवा मिटून तुमच्याकडे बघितलं, तर तुमचे कान दिसतात, चेहरा नाही. मधे भुरकट डाग. वाईट वाटून घेऊ नका, बायकोचाही दिसत नाही. ती म्हणते, चला, एका डोळ्यातून तरी सुटले. गेलं ते यायचं नाही, उरलंय ते राखायला या सुया.

काम? चालू आहे की. आता उजव्याने नजर लावतो, एकदम झकास. म्हणजे — होतं झकास. गेल्या आठवड्यात... जाऊ द्या. काही नाही, एक फळी होती. मी म्हटलं, वाकडी आलीय, परत पाठव. मेहुण्याने नजर लावली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, बरं भाऊजी. एरवी तासभर वाद घालणारा माणूस! उचलली आणि पाठवली परत. सरळ फळी, ताई. माझं मन राखायला.

मघाशी त्या सिस्टरने एकेक डोळा झाकून तो चौकटींचा कागद दाखवला ना? उजव्याला रेघा कशा दिसतात म्हणाली. मी म्हटलं, सरळ. दिसल्या का? नाही दिसल्या. मधल्या तीन झुकलेल्या. पण छापलेल्या चौकटी सरळच असणार, एवढं मला कळत नाही? सुतार आहे मी! आणि खरं सांगितलं, तर उजव्यालाही सुया लागणार, डॉक्टर विचारणार की करवतीचं मशीन कोण चालवतं, आणि मेहुणा म्हणणार, भाऊजी, तुम्ही खुर्चीवर बसा. आदराने म्हणेल हो, तेच तर नको.

अशा काय बघताय? कळतंय मला. डाव्याचे पाच महिने घालवले, आता उजव्याचे किती घालवणार, हेच ना? तुम्ही न बोलता फार बोलता बुवा.

आलो, आलो सिस्टर! नाही ताई, तुम्ही बसा. सकाळपासून दोघांना पुढे सोडलंय मी, आता तुम्हाला सोडलं तर जिन्यावरून थेट घरी जाईन. काय सिस्टर? डावाच, हो, कपाळावर डाव्या बाजूला लावा खुणेची पट्टी... थांबा. नका लावू. तो कागद पुन्हा आणता का, चौकटींचा? नाही, तुमचं काही चुकलं नाही, मघाशी मीच जरा... ताई, तुम्ही तिकडे बघा हो, भिंतीकडे बघा. हं, सिस्टर, धरा. डावा झाकला. मधल्या — लिहा तुम्ही, लिहा — मधल्या तीन वाकड्या आहेत.