हार पाह्यला अन् मान वाकली

भाऊ, चहा पेता पेता आयका. मी कारखान्याची बस चालवतो. त्या दिवशी एक नेता कामगारायले मतं मागाले आला. मेन गेटवर जमिनी गेलेल्यायचं साखळी उपोषण चालू होतं, रोज नवे पाच जण हार घालून उपाशी बसत. त्यायले टाळून हा मागच्या गेटनं घुसला.

भाषण ठोकलं अन् मले म्हणते, "तुझ्याच बसनं काढ बाहेर. कोणी ओखळलं नाई पायजे." याच्या अंगात वेल्डर रफीकभाईचा शर्ट, डोक्यावर पिवळं हेल्मेट.

बस सुटली ते थेट उपोषणाच्या मांडवापुढे थांबली.

"इथी काऊन थांबवली बे?"

"साहेब, शिफ्ट सुटली का पोट्टे इथीच उतरते. जमिनी यायच्याच बापायच्या गेल्या ना!"

रिकाम्या बसमधी एकटाच दिसन म्हणून तोही गर्दीत उतरला. समोर उपोषणवाल्यायची म्होरकी सखूबाई हार घेऊन उभी. हार पाह्यला अन् याची मान आपोआप वाकली. बाईनं हार घातला, सतरंजीवर बसवलं.

संध्याकाळी पोटात कावळे ओरडाले लागले तसा हळूच म्हणते, "बाई, लिंबूपाणी?"

"नेता येऊन निवेदन घेईन, तवाच आज लिंबूपाणी."

यानं हेल्मेट काढलं. "मीच तो नेता! आना निवेदन!"

"माईत हाय बापू," बाई म्हणते. "आमच्या पोट्ट्यायले हार घालाचा म्हटलं तर मान धरून वाकवा लागते."