सिलिंडरचा टिळा

तुमच्या दुकानात हा लाल सिलिंडर नवा दिसला, म्हणून सांगतो. जळकोटला आमची पिठाची गिरणी आहे. माझे चुलते, आण्णा, चालवतात. आग विझवायचा असलाच सिलिंडर तिथं भिंतीला टांगलेला होता. दर खंडेनवमीला आण्णा गिरणीच्या मोटारीला हार घालायचे अन् त्या सिलिंडरलाबी हळदकुंकू लावायचे. एरवी कुणाला त्याला हात लावू द्यायचे न्हाईत.

गेल्या उन्हाळ्यात भरदुपारी मोटारीनं पेट घेतला. आण्णांनी सिलिंडर काढला, पिन ओढली, दांडी दाबली. नुसतं फुस्स झालं अन् चिमूटभर पावडर पायाशी पडली. दळणाला आलेली एक बाई पाण्याची बादली घेऊन धावली. मी तिला अडवलं, "पाणी नगं, करंट हाय." मेन स्विच मोटारीच्या वरच होता. आण्णांनी जाळातून हात घालून तो बंद केला. मग आम्ही माती टाकून आग विझवली. आण्णांच्या उजव्या हाताची तीन बोटं अजून मिटत न्हाईत.

दवाखान्यातून आल्यावर त्यांनी तो सिलिंडर मागितला. आतला दाब दाखवणारं बारकं गोल घड्याळ त्याच्या तोंडाशी असतं. त्यावर कुंकवाचा थर बसला होता. आण्णांनी डाव्या हाताच्या नखानं तो खरवडला. काटा पार खाली आला होता.

मी विचारलं, "कधी उतरला असंल?"

"काय ठाव," आण्णा म्हणाले. "दरसाली टिळा म्या तिथंच लावला."