सी विंगचा बीमवीर

— दोष तुमचा आहे, जयकुमारकाका. माझ्या बापाचा नंबर दुसरा. पहिला तुमचा — सोसायटीचे चेअरमन तुम्ही, ठराव तुमचा, पेनही तुमचं. बसा ना, आपल्या पूनम सागर सोसायटीतून इथे चौक गावच्या कोळीवाड्यात आलात, दमला असाल. नाही, शाल नको. घालणार कुठून? बघताय ना, दोन्ही हात वर आहेत माझे, ना वाकत, ना उतरत. रस्त्याने चाललो की येणारी प्रत्येक रिक्षा थांबते. आणि हे अंगावरचं मासळीचं जाळं शेजारच्या राघोदादाचं — फाटलेलं विणायला सकाळी माझ्या हातांवर टांगतो. ‘तू बरा खांब हायस रं,’ म्हणतो. निदान तोंडावर तरी म्हणतो.

तर, परत ये म्हणताय. अठ्ठावीस कुटुंबांसाठी. वा! एकोणीस वर्षांचा होतो मी, इंजिनिअरिंगचं सेकंड इयर, पार्किंगमधून स्कूटर काढत होतो, वर बीम कडाडला आणि मी दोन्ही हात वर केले — बस, सात मजले जागच्या जागी थांबले. मला काय माहीत माझ्यात असलं काही आहे? त्याआधी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नव्हतं मला. तुम्ही बनियनवर धावत आलात, ‘स्वप्नील, पाच मिनिटं धर, इंजिनिअरला बोलावतो.’ आला का इंजिनिअर? नाही आला. का नाही आला? कमिटीला तीन कोटेशनं लागतात, आली दोन. तिसऱ्याची वाट बघण्यात दिवाळी गेली, मला बीमखालीच उटणं लावलं. मग रीडेव्हलपमेंटवाला बिल्डर आला, पंचवीस टक्के जास्त कार्पेट एरिया देतो म्हणाला, तर तुम्ही म्हातारे पस्तीसवर अडून बसलात — घाई कसली, खाली पोरगा उभा आहे ना! ग्रुपवर माझा फोटो, खाली गुलाबाचं फूल, ‘आपला बीमवीर, शुभ सकाळ’.

आणि मग तो करार. पोरगा पार्किंगच्या जागेत इतके दिवस उभा आहे, उद्या जागेवर हक्क सांगेल — म्हणून लीव्ह अँड लायसन्स, अकरा महिने, मध्ये एक दिवस जागा रिकामी, परत अकरा महिने. भाडेकरूला करतात तसं! बिल्डिंग ज्याच्या हातावर आहे त्याच्याशी! अनुमोदन कोणाचं? बबनरावांचं, माझ्या जन्मदात्याचं. सभा पार्किंगमध्येच घेतलीत — ‘अनुकूल असतील त्यांनी हात वर करा.’ माझे होतेच वर. दोन मतं मोजलीत. दोन! विरोधात एकच हात, माझ्या आईचा, तर तुम्ही म्हणालात, वहिनी, फ्लॅट तुमच्या नावावर नाही, मत धरता येत नाही. माझ्या नावावर कुठला फ्लॅट होता, काका?

तो रिकामा दिवस आठवतोय? मी सांगितलं होतं, सोडलं तर खाली येईल. तुम्ही म्हणालात, कागद म्हणजे कागद, जागा रिकामी होती अशी वॉचमनने नोंद करायला हवी. ठीक. तेव्हा हात अजून खाली येत होते, मी मॅथ्सच्या पेपरला गेलो. पहिला प्रश्न सुटत आला होता आणि तुम्ही थेट परीक्षेच्या हॉलमध्ये — ‘स्वप्नील, बिल्डिंग चार इंच बसली रे! हंसाआजी बाथरूममध्ये अडकल्यात!’ पेपर टाकून धावलो. तर पार्किंगच्या दारात मलाच अडवलंत — नवीन करार उद्यापासून आहे, आज आत गेलास तर ब्रेक मोडेल! वर हंसाआजी बादली बडवतायत, आणि तुम्ही मला लिहून द्यायला लावलंत की मी इथे पाहुणा म्हणून उभा आहे.

हसू नका. कॉलेज तिथेच सुटलं.

लोखंडी टेकू? हो, दुसऱ्या करारात मध्येच आले होते टेकू. तेव्हाच सोडता आलं असतं मला... काय? मग सोडलं का नाही? — ते जाऊ द्या. जाऊ द्या म्हटलं ना. — तिसऱ्या मजल्यावरची इशिता दुपारी भरवायला यायची. वरण-भात, नाकावरचा डास मारणं, सगळं. हात खाली आले असते तर कशाला आली असती? म्हणून उभा राहिलो. पाच महिने, उगाच, टेकूच्या शेजारी. मग तिला पुण्याला नोकरी लागली, ती टाटा करून गेली, आणि मला उलट टाटासुद्धा करता आला नाही. हे बापाला माहीत नाही. तुम्हीही विसरा.

करार संपला, मी बीम सोडून इथे निघून आलो, हात मात्र वरच राहिले. आता टेकू गंजले, बिल्डर पस्तीसला तयार झाला, तर तुम्हाला चाळीस हवेत. आणि म्हणून फक्त अकरा महिने —

काय म्हणालात? परत बोला. ‘तसेही हात वरच असतात ना तुझे.’

उठा. शाल उचला. रस्त्यापर्यंत येतो, माझ्याकडे बघून रिक्षा थांबेल, तुम्ही बसून जा.

आणि वाटेत एवढं आठवा. फेब्रुवारीत आई गेली तेव्हा तिरडी उचलताना तुम्हीच मला म्हणालात, बाजूला हो, तुझे हात आडवे येतायत. माझ्या जागी तुम्ही लागलात. आईला मी खांदा दिला नाही.